पहिला पार्ट कोणी पाहिला?

‘सायबॉर्ग २’मध्ये व्हॅन डॅम आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. १९८९च्या पहिल्या ‘सायबॉर्ग’चा तो नायक. १९९३च्या दुसऱ्या भागात पहिल्या सिनेमातले त्याचे काही तुकडे कापून डकवले आणि तेवढ्या धाग्यावर नातं जुळवलं. बाकी कथा निराळी, काळ निराळा, माणसं निराळी. नायिका मात्र नवीकोरी. अँजेलिना जोली, वय सतरा-अठरा, मुख्य भूमिकेत पहिल्यांदाच. ती यंत्रमानवी असते, तिच्या अंगात द्रवरूप स्फोटक भरलेलं असतं आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या संचालकांमध्ये नेऊन तिला उडवून द्यायचं, असा तिच्या मालकांचा बेत असतो. तिला वाट दाखवणारा जॅक पॅलन्स बहुतेक वेळ निरनिराळ्या टीव्हींच्या पडद्यावर नुसते ओठ होऊन बोलतो. या पॅलन्सला नुकतंच ऑस्कर मिळालं होतं. तालेवार नट घ्यायचा आणि त्याचे ओठ तेवढे वापरायचे! यात निर्मात्याचे किती पैसे वाचले असतील, हा हिशेब तो सिनेमा बघताना माझ्या डोक्यातून जात नाही.

पहिला ‘सायबॉर्ग’ही असाच उरल्यासुरल्या चिंध्यांची गोधडी होता. मेनाहेम गोलन आणि योराम ग्लोबस या चुलतभावांच्या ‘कॅनन’ कंपनीनं ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’चा दुसरा भाग आणि ‘स्पायडर-मॅन’ असे दोन सिनेमे काढायचं ठरवलं होतं. सेट आणि कपडे यांवर सुमारे वीस लाख डॉलर खर्चून झाले आणि करार फिसकटले. दिग्दर्शक अल्बर्ट प्यून यानं मग त्याच सामानात बसेल अशी गोष्ट झटपट लिहून काढली. महामारी, उद्ध्वस्त शहरं, औषधाची माहिती डोक्यात घेऊन निघालेली यंत्रमानवी बाई आणि तिला अटलांटापर्यंत पोहोचवणारा नायक. पात्रांना नावं सुचेनात म्हणून की काय, गिटारी आणि ड्रम बनवणाऱ्या कंपन्यांचीच नावं देऊन टाकली. नायकाचं नाव गिब्सन रिकनबॅकर, खलनायकाचं फेंडर ट्रेमोलो. पाच लाख डॉलरच्या आत सिनेमा उरकला आणि थिएटरातच त्यानं एक कोटीच्या आसपास कमावले. एवढं झाल्यावर दुसरा भाग निघणारच. पण तो थिएटरसाठी निघाला नाही. तो निघाला कॅसेटच्या दुकानासाठी.

हे दुकान समजून घेतल्याशिवाय असले सिनेमे का निघाले ते कळत नाही. व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसीनं १९७६ साली बाजारात आणली. दहा वर्षांत अमेरिकेत गल्लोगल्ली कॅसेटी भाड्यानं देणारी दुकानं झाली. ‘ब्लॉकबस्टर’चं पहिलं दुकान १९८५चं. दुकानाच्या फळ्या भरायला सिनेमे कुठून आणायचे? हॉलिवूड वर्षाला काढून काढून किती काढणार? ती पोकळी छोट्या कंपन्यांनी भरली. १९८१पासून ‘अमेरिकन फिल्म मार्केट’ नावाचा वार्षिक बाजार भरू लागला. तिथे सिनेमा तयार व्हायच्या आधी त्याचं पोस्टर विकलं जाई. पोस्टरवर बंदूक, स्फोट, अर्धा चेहरा माणसाचा आणि अर्धा लोखंडाचा. कोरियाचा, फिलिपिन्सचा, जर्मनीचा खरेदीदार पोस्टर बघून आगाऊ रक्कम देणार, आणि त्या रकमांच्या बेरजेतून सिनेमा निघणार.

अशा बाजारात ‘२’ हा आकडा सोन्याचा. नव्या सिनेमाला गिऱ्हाइकाची ओळख करून द्यावी लागते, दुसऱ्या भागाची ओळख पहिल्यानं आधीच करून दिलेली असते. चार्ल्स बँडच्या ‘फुल मून’ कंपनीनं हे गणित पार टोकाला नेलं. तिच्या ‘ट्रान्सर्स’ मालिकेचा चौथा आणि पाचवा भाग रोमानियात एकत्रच उरकला. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर तिथले किल्ले आणि कारागीर दोन्ही स्वस्त मिळत. भविष्यकाळातला पोलीस त्यामुळे तलवारवाल्या सरदारांच्या जगात कसा जाऊन पडला, हे कथेत शोधण्यात अर्थ नाही, ते हिशेबाच्या वहीत सापडतं. इटलीच्या ब्रूनो मातेईनं तर कमालच केली. कॅमेरूनचा खरा ‘टर्मिनेटर २’ यायच्या दोन वर्षं आधी, १९८९ साली, त्याचा एक सिनेमा इटलीत ‘टर्मिनेटर २’ म्हणून झळकला. गोष्ट व्हेनिसमधली आणि बरीचशी उचललेली कुठून, तर ‘एलियन्स’मधून. पहिल्या भागाचा निर्माता, दिग्दर्शक, नट यांपैकी कोणाचाही संबंध नसलेला दुसरा भाग. याला धाडस म्हणायचं की दरोडा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आपल्याकडेही थेट कॅसेटसाठी सिनेमे निघाले होते, हे आता फारसं कोणाला आठवत नाही. ‘स्टारडस्ट’ मासिकाचे नारी हिरा यांनी १९८०च्या दशकात ‘हिबा’ या नावाखाली असे हिंदी सिनेमे काढले. त्यात मारामारीचे यंत्रमानव नव्हते, उच्चभ्रू घरांतली लफडी आणि खून होते. कमी खर्च, थोडे नट, एखादा बंगला. हिशेब तोच.

*

असल्या कॅसेटी आमच्या वरोऱ्यापर्यंतही आल्या. वरोरा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आनंदवन आठवतं. ते योग्यच आहे. बाबा आमट्यांनी १९४९मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावाचं नाव जगात नेलं. पण गाव त्याआधीचंही होतं. इंग्रजांनी इथे कोळशाची खाण काढली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली आणि १९०६मध्ये खाण बंद केली. रेल्वे राहिली. पुढे तीच दिल्ली-मद्रास लोहमार्गाचा भाग झाली. नागपूर शंभरेक किलोमीटर, चंद्रपूर त्याच्या निम्मं. म्हणजे नागपूरच्या दुकानात जे येतं ते आमच्याकडे यायला एका मुक्कामाचंही अंतर नाही. फक्त ते आणणारा कोणी पाहिजे.

आणणारा म्हणजे व्हिडिओ लायब्ररीवाला. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि ज्याला ही दोन्ही यंत्रं विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणजे जवळपास सगळ्या गावाला, ती भाड्यानं मिळू लागली. मुंबईच्या ‘शेमारू’नं १९७९मध्ये कॅसेटी भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. ती मुळात १९६२ची पुस्तकांची फिरती लायब्ररी. गावोगावच्या दुकानांनी ‘लायब्ररी’ हे नाव लावलं ते असं आयतंच मिळालेलं होतं.

एका रात्रीचं भाडं ठरलेलं असे. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. वर्गणी गोळा व्हायची. सायकल-रिक्षात टीव्ही मांडीवर घेऊन एक पोट्टा बसलेला, दुसरा मागून धरून चाललेला. वाटेत जो भेटेल तो विचारणार, “काऊन बे, कोणाकडं हाय व्हिडिओ?” ‘व्हिडिओ’ म्हणजे यंत्र नव्हे, अख्खा कार्यक्रम. बारशाला व्हिडिओ, दुर्गा-शारदेला व्हिडिओ, पऱ्हाटीचे पैसे आले की व्हिडिओ.

तीन सिनेमांचा क्रम पक्का असे. पहिला घरच्यांसाठी, कौटुंबिक किंवा देवाचा. दुसरा नवा हिंदी, ज्याच्यासाठी वर्गणी दिलेली असे. तिसरा मध्यरात्रीनंतर इंग्लिश. हा तिसरा लायब्ररीवाला आपल्या मनानं द्यायचा. नाव कोणी मागत नसे. “एखादी फायटिंगची दे,” एवढीच फर्माईश. आणि तो हाताला लागेल ती देई. जिच्यावर ‘२’ लिहिलंय तीच हाताला लागण्याचा संभव जास्त, कारण निघत होते तेच सिनेमे जास्त. “पह्यला पार्ट कुठं हाय?” असं कोणी विचारलंच तर उत्तर मिळे, “तो पायला काय, न पायला काय.” यात उर्मटपणा नव्हता. ते बरोबरच होतं. ‘सायबॉर्ग’चा पहिला भाग पाहून ‘सायबॉर्ग २’ कळायला काडीचीही मदत होत नाही.

व्हीसीआर या यंत्राशी आमच्या पिढीचं फार जवळून नातं. फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. तिच्यासमोर तिरका बसवलेला चकचकीत ड्रम मात्र मिनिटाला १५०० फेऱ्या घेत असतो आणि त्याच्यावरची चिमुकली हेडं फितीवरून तिरप्या रेघांत चित्र उचलतात. त्या हेडावर केसाएवढी धूळ बसली की पडद्यावर पांढरं बर्फ पडू लागतं. मग झाकण उघडायचं, कोऱ्या कागदाची पट्टी किंवा साबराच्या कातड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवायचा, बोटानं हलकेच हेडाशी टेकवायचा आणि ड्रम दुसऱ्या हातानं फिरवायचा. आडवा फिरवायचा, उभं घासलं की हेड गेलं. पावसाळ्यात कॅसेटीच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसे. मागचे पाच स्क्रू काढून ती पुसावी लागे. तुटलेली फीत जोडताना चिकटपट्टी चकचकीत बाजूनं न लावता उलटीकडून लावायची, हे शहाणपण प्रत्येक मोहल्ल्यात कोणा एकाकडे असायचंच. तो माणूस रात्रभर व्हीसीआरजवळ बसे आणि चित्र लहरू लागलं की ट्रॅकिंगचं बटण फिरवत राही. त्याला वर्गणी माफ.

असल्या फितीवर साधारण २४० ओळींचं चित्र दिसतं. प्रती काढून काढून चौथ्या-पाचव्या पिढीची कॅसेट आमच्याकडे पोहोचे तेव्हा त्याहूनही कमी. इथे एक गोष्ट घडायची, जिच्याकडे सिनेमावर लिहिणाऱ्यांनी फारसं लक्ष दिलेलं नाही. ‘टर्मिनेटर २’ला दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला. आमच्या पडद्यावर त्यातला वितळलेल्या पाऱ्याचा माणूस करडा डाग होऊन येई. त्याच रात्री लावलेल्या दहा-वीस लाखांच्या सिनेमातला रबरी राक्षसही करडा डागच. दोघं एकाच टीव्हीत, एकाच उंचीचे. मोठ्या सिनेमाचा पैसा फितीनं खाऊन टाकला, छोट्याकडे खाण्यासारखं काही नव्हतंच. अमेरिकन समीक्षक ‘थेट व्हिडिओवर’ हे शब्द नाक मुरडून लिहीत, कारण त्यांच्याकडे वर थिएटर होतं आणि खाली कॅसेट. आमच्या चौकात इंग्लिश सिनेमाला ‘वर’ असं काही नव्हतं. सगळेच कॅसेटीवर आलेले. मग कमी कोण आणि जास्त कोण?

‘होम व्हिडिओ’ म्हणतात त्यातल्या घर या शब्दाकडेही बघायला हवं. गावात व्हिडिओ पार्लर होते. काळा पडदा, बाकडी, विड्यांचा धूर, आणि बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेलं नाव. तिथे बायका जात नसत. जाण्यासारखी ती जागाही नव्हती. घरच्या व्हिडिओला मात्र आजी, काकू, शेजारच्या वहिनी सगळ्या. दुसरा सिनेमा संपेपर्यंत लहान मुलं झोपून जात, पण बायाबापड्या उठत नसत, कारण एवढ्या रात्री उठून कुठं जाणार? त्यामुळे भविष्यकाळातल्या उद्ध्वस्त शहरांतली, यंत्रमानवांची मारामारी ज्यांनी इमानेइतबारे बघितली त्यांत सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. हिंदी डबिंग तेव्हा सर्रास नव्हतं, ते वाढलं १९९४मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत चालल्यावर. तोवर इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं, आणि या सिनेमांना त्याची गरजही नव्हती. कोण कोणामागे का लागलंय एवढं कळलं की पुरे. ‘टर्मिनेटर’ची गोष्टही एका वाक्यात सांगता येतेच. पोरगा पुढं जाऊन मोठा होणार, म्हणून त्याच्या मायलाच आधी मारायला कोणीतरी आलंय. कंस-देवकी ठाऊक असलेल्या बाईला यात नवीन काय?

*

व्हीसीडी आली आणि रिक्षा गेली. १९९३मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून हे माप ठरवलं. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र आणि एका तबकडीवर ७४ मिनिटं. अमेरिकेत ती चाललीच नाही. आशियात मात्र धो धो चालली. चिनी प्लेअर मोबाइलपेक्षाही आधी घराघरांत शिरला. चित्र व्हीएचएसच्याच तोडीचं, जिथे हालचाल जास्त तिथे चौकोन चौकोन दिसणारं. म्हणजे मारामारीच्या सिनेमाला सगळ्यात वाईट! नायकानं लाथ उगारली की पाय विटांचा व्हायचा. पण रिवाइंडची कटकट नाही, बुरशी नाही. ओरखडा पडला तर टूथपेस्ट चोळून बघायची.

७४ मिनिटांची मर्यादा असल्यानं बहुतेक सिनेमे दोन तबकड्यांत. पहिली कुठे संपेल हे दिग्दर्शकाच्या नाही, घड्याळाच्या हाती. वाक्य अर्धवट तुटे. दोन सीडींपैकी एक हरवलेली, खराब झालेली किंवा भलत्याच पाकिटात गेलेली असणं नेहमीचंच. नुसतीच दुसरी सीडी मिळाली म्हणून ती लावून बघणारे आम्ही, आमच्याकडून पहिल्या भागाचा आग्रह कोण धरणार?

त्या वर्षांत विजेचं भारनियमन दिवसाला कित्येक तास असे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र तेव्हा २३४० मेगावॉटचं. त्याची वीज १९९९पासून उच्चदाबाच्या खास तारेनं साडेसातशे किलोमीटरवर मुंबईजवळच्या पडघ्याला जाऊ लागली. राख जिल्ह्याला, उजेड पडघ्याला. यावर वेगळा लेख होईल. इथे एवढंच सांगायचं की बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही आणि व्हीसीडी प्लेअर यांची जोडी ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावून बघितलेले सिनेमे कमी नाहीत.

२००७च्या सुमारास ‘मोझर बेअर’ या ग्रेटर नोएडाच्या कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तोवर अधिकृत व्हीसीडीला शंभरच्या वर मोजावे लागत, म्हणून चोरटी प्रत घेतली जाई. २८ रुपयांत चोरट्याशी बरोबरी झाली. किराणा दुकानात बिस्किटांशेजारी सिनेमे टांगलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तो जोर काही वर्षं टिकला, मग पेन ड्राइव्ह आला, मग फोन. कंपनी दिवाळखोरीत जाऊन २०१८मध्ये बुडीत निघाली.

याच तबकड्यांच्या काळात अमेरिकेत या जातीतला एक सिनेमा निघाला, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९७चा ‘स्टारशिप ट्रूपर्स’ पॉल व्हेरहोवेननं दहा कोटी डॉलरच्या वर खर्चून केला. परग्रहावरचे राक्षसी किडे आणि त्यांच्याशी लढणारी पोरंपोरी. त्या किड्यांमागचा मुख्य कारागीर फिल टिपेट. ‘जुरासिक पार्क’च्या कामाचं ऑस्कर मिळवलेला माणूस. २००४च्या दुसऱ्या भागासाठी ७० लाख मिळाले, आणि दिग्दर्शन दिलं गेलं टिपेटलाच. ते त्याचं पहिलं. म्हणजे ज्याच्या हातची कारागिरी परवडत नाही त्यालाच मालक करून टाकलं! टिपेटनं सबंध सिनेमा वाळवंटातल्या एका ठाण्यात, रात्रीच्या अंधारात कोंडला. किडे बाहेर दाखवायला पैसा नाही, म्हणून ते माणसांच्या डोक्यात शिरतात. कोणाच्या डोक्यात शिरलाय हे ओळखायचं. युद्धपट होता, भयपट झाला. तो थोर आहे असं मी म्हणणार नाही. पण पैसे नसल्यामुळे गोष्टच बदलायची, नुसती आक्रसायची नाही, एवढी अक्कल त्यात आहे, आणि ती महागड्या सिनेमांत क्वचित दिसते.

*

आता पैशाचं. वरोऱ्यात, वणीत, चिमुरात जे भाडं दिलं गेलं त्यातला एक रुपयाही प्यूनपर्यंत किंवा टिपेटपर्यंत गेला असेल असं मला वाटत नाही. कॉपीराइटचा कायदा होता. १९८४च्या दुरुस्तीनं कॅसेटीवर निर्मात्याचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणं सक्तीचं केलं, चोरट्या प्रतीला तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. त्या कायद्यानुसार आमची अख्खी तारुण्यं मुद्देमालात जमा झाली असती. ही चोरी होती, तिला गोड नाव देण्याची गरज नाही. मात्र वाटेत विकत घ्यायला अधिकृत प्रतच नव्हती, हेही खरं. ज्या सिनेमांची पोस्टरं साऱ्या जगाला आगाऊ विकली गेली त्यांच्या वितरकांच्या नकाशावर नागपूरच्या दक्षिणेचा हा मुलूख पांढराच होता.

या साखळीचं दुसरं टोक महाराष्ट्रातच, मालेगावात आहे. नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवत. दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवता, त्यातले तुकडे जोडता जोडता माणूस संकलन शिकला आणि स्वतःच सिनेमे काढू लागला. ‘मालेगाव के शोले’ २०००चा. मग यंत्रमागावर काम करणाऱ्या शफिक शेख यांना घेऊन सुपरमॅन. हिरव्या कापडासमोर, आडव्या दांड्यावर पोटावर झोपवून उडवलेला, अंगानं काटकुळा, घाणीवर प्रेम करणाऱ्या खलनायकाशी लढणारा. फैजा अहमद खान यांनी त्या धडपडीवर २००८मध्ये ‘सुपरमॅन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. शफिक २०११मध्ये कर्करोगानं गेले, माहितीपट थिएटरांत लागला तो २०१२मध्ये. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत फोनवर. पार्लरवाल्याचा सिनेमा, त्याच्यावर माहितीपट, त्या सगळ्यावर कथापट. ‘सायबॉर्ग’चेही भाग तेवढेच, तीन. आमच्या वरोऱ्याच्या पार्लरवाल्यांनी कॅमेरा हाती धरला नाही, त्यांनी पुढे मोबाइलची दुकानं टाकली. का, याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. आमच्याकडे नाटक होतं.

वरोरा झाडीपट्टीच्या पश्चिम काठावरचं. पूर्वेला सरकलं की चिमूर, ब्रह्मपुरी, आणि मग देसाईगंज वडसा, जिथे झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांचं ठाणं आहे. भाऊबीज झाली, मंडया सुरू झाल्या की गावोगाव नाटकं लागतात, रात्री सुरू होऊन पहाटे संपणारी. ऑर्गन-तबला पुढ्यात, पाठीमागे रंगवलेले पडदे. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांचं तिकडे लक्ष गेलं, पण इथल्या माणसाचा सिनेमा-नाटकाचा पैसा आणि हौस तिथेच खर्ची पडते. ज्याला काही करून दाखवायचंय तो नाटकात जातो.

आणि या प्रेक्षकाचा डोळा वेगळा असतो. पडद्याला सुरकुती पडली, तलवार लाकडाची आहे, राजाची दाढी सुटू पाहतेय, हे त्याला दिसतं आणि तो त्यापायी नाटक सोडून देत नाही. तो नटाचा आवाज, त्याचा जोर मोजतो. म्हणून मला वाटतं, स्वस्तातल्या इंग्लिश सिनेमाला वरोऱ्याएवढा समजूतदार प्रेक्षक अमेरिकेत मिळाला नसावा. तिथे रबराला हसले. आमच्याकडे विचारलं जाई, “पण फायटिंग कशी हाय?”

त्या कसोटीला पुरेपूर उतरणारा सिनेमा एकच, ‘गायव्हर : डार्क हिरो’. मूळ योशिकी ताकाया यांची १९८५पासूनची जपानी चित्रकथा. साध्या पोराच्या हाती परग्रहावरचं यंत्र लागतं आणि त्याच्या अंगावर जिवंत चिलखत उगवतं. पहिला सिनेमा १९९१चा. ‘स्टार वॉर्स’वाला मार्क हॅमिल पोस्टरवर, विनोद असा की मारामारीवर पाणी पडावं. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक स्टीव्ह वांग, तैवानमध्ये जन्मलेला, ‘प्रेडेटर’च्या राक्षसाचा पोशाख घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातला. १९९४च्या दुसऱ्या भागाला त्याला पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी पैसे मिळाले, आणि तो सिनेमा थेट व्हिडिओवर जाणार हेही ठरलेलंच. त्यामुळे विचारणारंही कोणी राहिलं नाही. त्यानं काय केलं? विनोद काढून टाकला. नायक बदलला. लांबी दोन तासांच्या वर नेली, या जातीत हे सहसा कोणी करत नाही. मारामाऱ्या बसवायला कोइची साकामोटो या जपानी स्टंटमनला घेतलं, जो पुढे ‘पॉवर रेंजर्स’चा कर्ताधर्ता झाला.

त्यातली रानातली एखादी झुंज नीट बघा. रबराच्या आत कोंडलेला माणूस, डोळ्यांना दिसणार जेमतेम, अंगावर ओझं, घामानं भिजलेलं. असा माणूस उलटी कोलांटी मारतो, झाडाच्या खोडावर पाय देऊन वळतो आणि लाथ घालतो. कॅमेरा लांब उभा, कापाकापी थोडी. म्हणजे खरंच कोणी उडी मारली आहे हे आपल्याला दिसतं. महागड्या सिनेमात त्याच जागी सेकंदाला दोनदा चित्र बदलून उडी झाल्याचा भास करून देतात. साकामोटोच्या पोरांना भासाची गरज नव्हती. त्यांना उडी येत होती.

नायक झाला डेव्हिड हेटर. तेव्हा अगदी अनोळखी पोरगा. पुढे १९९८मध्ये ‘मेटल गिअर सॉलिड’ या व्हिडिओ गेमच्या नायकाचा आवाज त्याचा होता, आणि २०००च्या ‘एक्स-मेन’ची पटकथा त्याच्या नावावर आहे. आज सुपरहिरोंच्या सिनेमांनी जी बाजारपेठ व्यापली तिच्या दारातला एक माणूस असा कॅसेटीच्या फळीवरून आला.

‘डार्क हिरो’ मी पुन्हा पाहिला तो अलीकडे, स्वच्छ प्रतीवर, मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर. मनात धास्ती होती की सांधे दिसतील, रबर रबरासारखं दिसेल. काही ठिकाणी दिसतंही. पण त्या राक्षसांच्या कातडीवर हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली तपकिरी असे रंगाचे थर आहेत, मानेच्या वळ्यांत वेगळी छटा, पापण्यांच्या कडेला शिरा रंगवलेल्या. वांग व्हीएचएससाठी सिनेमा काढत होता. यातलं काहीही २४० ओळींत उतरणार नाही, हे रंगवणाऱ्या माणसाला ब्रश हातात घेतानाच माहीत होतं.